चौथं मिनिट

काचेवर कुबडीच्या टोकानं दोनदा टकटक, आणि मग ते वाक्य: “पल्स पडी राहिना, भाऊ!”

भडगावच्या बसस्टँडसमोर तुम्ही कधी गाडीची वाट बघत थांबला असाल, तर हे तुमच्याही कानावर पडलं असेल. आबांचं दुकान तिथंच होतं. मी शेजारच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर बसतो. बावीस वर्षं झाली बसून. आता खुर्चीला माझा आकार आला आहे की मला खुर्चीचा, हे सांगणं अवघड आहे.

तरुण वाचकांसाठी थोडं मागं जायला हवं. एके काळी परगावी फोन करायचा तर एसटीडी बूथवर जावं लागायचं. प्लायवूडची, काचेच्या दाराची, एका माणसापुरती खोली. आत फोन, बाहेर मीटर. मीटरवर लाल आकडे पळायचे आणि ठरावीक सेकंद झाले की एक पल्स पडायचा. जितके पल्स तितकं बिल. आबांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. तेव्हा अपंगांना बूथ मिळत, तसा त्यांनाही मिळाला. तालुक्यातली निम्मी पोरं पोटासाठी सुरतेला, त्यामुळं त्यांच्या मागं राहिलेली सगळी माणसं आबांच्या बूथमधून बोलत. आतला माणूस पाल्हाळ लावू लागला की आबा स्टुलावरून न उठता कुबडी लांब करायचे आणि काचेवर टकटक करायचे: पल्स पडतोय, आवर आता. खरं तर लोक जास्त बोलले असते तर फायदा त्यांचाच होता. पण दुसऱ्याचे पल्स वाया गेलेले त्यांना बघवत नसत.

तीन मिनिटं हा त्यांचा कायदा होता. घड्याळ न बघता त्यांना तीन मिनिटं कळायची. मी दोन-तीनदा मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, चार-पाच सेकंदांचा फरक. म्हणायचे, “पहिला मिनिटमा खुशाली, दुसरामा काम, तिसरामा जेवन व्हयनं का. तेना पुढे मानूस नुसती हवा सोडस.”

प्लायवूडमधून सगळं ऐकू यायचं. कोणाची पोरगी नांदत नाही, कोणाचा भाऊ कारखान्यात हात गमावून बसला, कोणाकडं मुलगा झाला, सगळं आबांना आधी कळायचं. त्यातली एकही गोष्ट कधी बाहेर आली नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, “माले कान शेतस, तोंड नही.”

मग मोबाईल आले आणि बूथ मेला. आबांनी झेरॉक्स मशीन घेतलं, रिचार्ज सुरू केलं, मोबाईलची कव्हरं टांगली. बूथ मात्र भंगारात दिला नाही. तो बाहेर ओट्यावर सरकवला आणि त्यात झाडू, बादली, जुने बॅनर कोंबले. मीटर बंद पडला, पण टकटक बंद पडली नाही. ओट्यावर मोबाईलमध्ये मुंडी खुपसून बसलेला माणूस दिसला की कुबडी पुढं यायची. “पल्स पडी राहिना, भाऊ!” लोक हसायचे. आबा, आता सगळं फुकट आहे, म्हणायचे. फुकट या शब्दावर आबांचा विश्वास नव्हता.

आता माझ्याबद्दल. दुसऱ्याचं चित्र काढताना स्वतःचा डाग लपवणं बरं नाही.

कपाशीचा हंगाम सुरू झाला की माझा फोन आजारी पानांनी भरून जातो. शेतकरी बांधावरून फोटो पाठवतात. लाल पडलेलं पान, गोळा झालेलं पान, खालून पांढऱ्या माशीनं भरलेलं पान. खाली एकच प्रश्न, काय मारू? असे सतरा ग्रुप होते माझ्याकडं. ते सगळं कामाचंच होतं, असं मी बायकोला सांगायचो. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. एका पानाचं उत्तर दिलं की बोट आपोआप खाली सरकायचं. कोणी विहिरीतून बिबट्या काढतोय, कोणी पाच मिनिटांत शेव-भाजी करतोय, कोणी नाचतोय. डोळे उचलावेत तर दिवस संध्याकाळकडं झुकलेला. रविवारी सकाळी फोन स्वतःच सांगायचा की गेल्या आठवड्यात रोजचे सात तास. मी ते बोटानं बाजूला सारायचो आणि पुन्हा सुरू. त्यात मजा यायची म्हणावं, तर तसंही नाही. जेवण झाल्यावरही हात ताटातच फिरत राहावा, तसं चाललं होतं. थकवा यायचा आणि त्या थकव्यावर उपाय म्हणून मी पुन्हा फोनच उचलायचो.

एका दुपारी काउंटरसमोर एक शेतकरी उभा राहिला. पिंपरखेडकडून आला असावा, कपडे धुळीनं भरलेले. म्हणाला, “भाऊ, कपाशीवर काय पडनं ते देखा बरं.” मी फोनमध्ये दुसऱ्या कोणाचं तरी पान बघत होतो. मान वर न करता म्हणालो, “फोटो पाठवा.”

त्यानं एका हातानं खिसा चाचपला. मग हळूच म्हणाला, “कोणता नंबरवर?”

तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून कुबडी माझ्या काउंटरवर आदळली. “आरे, त्याना हातमा पान शे ना!”

मी वर पाहिलं. त्याच्या हातात देठासकट तोडलेली चार पानं होती. मऊ पडू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आठ-नऊ मैलांवरून तो ती पानं सांभाळत आला होता आणि मी त्याला फोटो पाठवायला सांगत होतो.

त्याला औषध दिलं, दोनदा माफी मागितली. तो बिचारा “काय नही भाऊ” म्हणत निघून गेला. आबा मात्र गेले नाहीत. स्टूल वळवून माझ्याकडं तोंड करून बसले. शेवटी मीच म्हणालो, “आबा, सुटत नाही हो हे.”

“सुटस नही ते माले बी दिसस,” ते म्हणाले. “सोडू नको. जागा बदल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर बूथ रिकामा होता. झाडू, बादली, बॅनर सगळं बाहेर. काच पुसलेली. आतल्या फळीवर, जिथं पूर्वी फोन असायचा, तिथं वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला. आबांनी फळीकडं हात केला. “फोन आठे ठेव. देखनं व्हई तर आत जाय, दार लाव, आन उभा राहीसन देख.”

बसायला काही नव्हतं, हेच त्या औषधाचं मर्म होतं. तुम्ही कधी उभ्यानं, बंद काचेत, भर बाजाराच्या नजरेसमोर बिबट्या बघून पाहा. बघवत नाही. दोन पानांना उत्तरं द्यावीत, तिसरं पान बघावं, तोवर मानेवरून घाम ओघळायला लागतो आणि काचेवर टकटक होतेच. पहिल्या आठवड्यात मी चिडलो. आबांना तोंडावर बोललो, “कामं अडतात माझी.” ते म्हणाले, “कोणतं काम अडनं, सांग.” मला एकही आठवलं नाही.

आमच्या ओट्यावर ही गंमत चांगलीच गाजली. एक कंडक्टर गाडी लागेपर्यंत आपला फोन बूथमध्ये ठेवू लागला. माझ्या बायकोनं ऐकलं आणि घरात भिंतीतली देवळीच रिकामी करून टाकली. “तुमचा फोन इथं. बघायचा तर इथंच उभं राहून बघायचा.” सातावरून मी साडेतीनावर आलो. कधी चुकायचो, संडासात लपून बघायचो, हेही लिहून टाकतो. पण समोर माणूस आला की मान वर जायची, एवढं नक्की झालं.

हे सगळं सांगायला सोपं आहे. पुढचं तितकं सोपं नाही.

आबांची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, सुरतेला दिलेली. जावई साड्यांच्या मार्केटमध्ये कामाला. मुलगी दर रविवारी चारच्या सुमारास फोन करायची आणि आबा तिच्याशीही कायद्यानंच बोलायचे. खुशाली, काम, जेवण. तिसरं मिनिट संपलं की, “बरं, ठेवू? पल्स पडी राहिना.” ती पलीकडून हसायची, ते मला इकडं ऐकू यायचं. “बाबा, आता पल्स नसतो हो.” तोवर त्यांचं बोट लाल बटणावर गेलेलं असायचं. त्यात तुटकपणा नव्हता. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांना लवकर बोला, लवकर बोला म्हटलं, त्याला लेकीवरची माया दाखवायची हीच रीत माहीत होती. तिचा एकही पल्स वाया जाऊ द्यायचा नाही.

त्या दिवाळीला ती आली नाही. जावई एकटा आला, फराळाचा डबा घेऊन. त्याच्याकडून आबांना कळलं की दसऱ्याच्या आधी तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं. गाठ होती, पिशवी काढून टाकावी लागली. आता ती बरी आहे, काळजीचं कारण नाही.

जावई गेल्यावर आबा माझ्या दुकानात आले. स्वतःचं दुकान उघडं टाकून ते कधी येत नसत. खतांच्या पोत्यावर बसले, कुबडी आडवी मांडीवर घेतली.

“ऑपरेशनना आदला रविवारले तिना फोन उना व्हता,” ते म्हणाले. “आखरीले म्हने, बाबा, एक सांगनं व्हतं. मी काय म्हनं, माहित शे? बाकीनं पुढला रविवारले. आन मीच ठेवी दिधा.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तिलाच तुम्हाला काळजीत टाकायचं नसेल, वगैरे. त्यांनी ऐकलं नाही. पोत्यावरची शिवण नखानं खरडत राहिले.

“अख्खा तालुकानं ऐकं मी,” ते म्हणाले. “मनी पोरनं मी नही ऐकं.”

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. साठी उलटलेल्या माणसानं शाळेतल्या पोरासारखं तोंड करून विचारला, म्हणून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

“भाऊ, तू इतला फोनवर राहस. चौथा मिनिटमा लोके काय बोलतस?”

दिवसाचे सात सात तास फोनमध्ये घालवलेला माणूस मी, पण कोणाशी चौथं मिनिट बोलल्याचं मला आठवेना. माझी बहीण पाचोऱ्याला असते, हाकेच्या अंतरावर. तिच्याशी शेवटचं सविस्तर कधी बोललो? सतरा ग्रुपांत मिळून मी एकाही माणसाची विचारपूस केली नव्हती. म्हणालो, “आबा, मलाही नाही माहीत.” ते मान हलवून उठले. माझ्याकडून त्यांना आशा होती, असं त्यांच्या चालण्यावरून वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांनी तयारी केली. खराब झालेल्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूला विषय लिहून काढले. थंडी. केळीचे भाव. शेजारचा भाऊ, म्हणजे मी. चाळीसगावच्या गाडीची नवी वेळ. सगळे विषय सव्वादोन मिनिटांत संपले. मग ते फोन कानाला लावून नुसते बसले. पलीकडं तीही गप्प असावी. आबांचे ओठ हलायचे, पण शब्द निघायचा नाही. शेवटी “बरं, ठेवू?” एवढंच निघालं. फोन ठेवल्यावर ते इतके दमलेले दिसले की मी चहा मागवला आणि त्यांनी तो अर्धा टाकून दिला.

संक्रांतीनंतर मला एक बदल दिसू लागला. रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला आबांचा फोन काउंटरवर पालथा पडलेला असायचा, झेरॉक्स मशीनच्या अंगाला. आबा आपले गिऱ्हाईक करताहेत, आधार कार्डांच्या दोन्ही बाजू काढताहेत, पोरांना ओरडताहेत, आणि फोन तिथंच. पूर्वी तो कायम खिशात असे. मला वाटलं, म्हातारपणाचा विसरभोळेपणा.

एकदा मी दुकानाची पावती झेरॉक्स करायला गेलो. आबा मागच्या खोलीत कागदाचा गठ्ठा आणायला गेले होते. सहज फोन उलटा केला तर फोन चालू! ‘पोर’ असं नाव आणि एक्केचाळीस मिनिटं झालेली. ठेवायचा राहिला असणार, दुसरं काय! मला मोठा आनंद झाला. मला सुधारणाऱ्या माणसाची चूक मला सापडली होती. मी लाल बटण दाबलं, ओट्यावर जाऊन बूथच्या काचेवर बोटानं दोनदा टकटक केली आणि ओरडलो, “आबा, पल्स पडी राहिना!”

ते कुबडीवर झुकत बाहेर आले. फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. “हां,” म्हणाले. गठ्ठा ठेवला, माझी पावती काढून दिली. मी उपकार केल्याच्या थाटात दुकान बंद होईपर्यंत हसत होतो. घरी बायकोलाही सांगितलं. ती पण हसली.

पोळ्याच्या आधी आबा गेले. सकाळी शटर उघडलं नाही, एवढंच. दम लागला होता, जळगावला नेता नेता वाटेतच संपलं. मुलगी आली, तेराव्यापर्यंत राहिली. दुकानातलं मशीन कोणाला तरी देऊन टाकलं, शटरला कुलूप लावलं. बूथ ओट्यावर तसाच राहिला. जाताना ती माझ्याकडं येऊन नमस्कार करून गेली. गर्दीत बोलणं झालं नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मी पुन्हा फोनमध्ये पडलो. टकटक करणारं कोणी नव्हतं. बूथमध्ये फोन ठेवून बघितला, पण बाहेर बसलेल्या माणसाशिवाय ती नुसती प्लायवूडची पेटी होती. साडेतीनाचे पाच झाले, पाचाचे सहा झाले. मला त्याची लाजही वाटेनाशी झाली होती.

नवरात्रात एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पान पाठवणारा कोणी असेल म्हणून उचलला.

“काका, मी बोलतेय. सुरतहून. आबांची मुलगी.”

मी खुशाली विचारली, तब्येत विचारली. तिनं माझ्या घरच्यांचं विचारलं. मग बोलणं अडलं. मी ठेवण्याच्या बेतात होतो.

“काका, तुम्हाला माहितीये का,” ती म्हणाली, “बाबा शेवटी शेवटी रोज फोन लावायचे. पाच वाजता. दोन शब्द बोलायचे आणि म्हणायचे, आता मला काही सुचत नाही, तू दुकान ऐक. आणि फोन काउंटरवर ठेवून द्यायचे. मी कणीक मळायचे, भाजी चिरायचे, इकडं फोन चालूच. मशीनचा आवाज यायचा. पाचोरा, पाचोरा म्हणून कंडक्टर ओरडायचा. बाबा कोणावर तरी चिडायचे. तुमचा पण आवाज यायचा काका. तासभर मी घरीच असायचे.”

नीट ऐकू यावं म्हणून मी दुकानातला पंखा बंद केला.

“एकदा मध्येच बंद पडला. मी परत लावला तर म्हणाले, माझाच हात लागला.”

मी म्हणालो, “तो हात माझा होता, बाई.” सगळं सांगितलं. बटण, टकटक, माझा तो आनंद.

तिकडं तिनं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “असू द्या. आज तुम्ही ठेवाल का? बोलायचं काही नाही. नुसता तिथं ठेवायचा.”

मी काउंटर सोडून शेजारच्या ओट्यावर गेलो. बूथचं दार उघडलं, फोन स्पीकरवर टाकून फळीवर ठेवला, पालथा. दार उघडंच राहू दिलं आणि कुलूप लावलेल्या शटरला टेकून खाली बसलो. पाचोऱ्याची गाडी लागली. कंडक्टर ओरडला. भेळवाल्यानं उलथणं वाजवलं. रस्त्यावरून गरब्याचे स्पीकर घेऊन टेम्पो गेला. फोनमधून कुकरची एक शिट्टी आली.

एक शेतकरी मला शोधत ओट्यापर्यंत आला. “भाऊ, हाई काय पडनं, देखा बरं.” मी पान हातात घेतलं, उजेडाकडं धरलं, उलटं करून पाहिलं. लाल्या रोग होता. त्याला बसवून घेतलं, जमीन कोणती, पाणी कधी दिलं, विचारत बसलो. जरा मोठ्यानंच बोलत होतो.

तो गेल्यावर फळीवरून आवाज आला. “ठेवू नका काका.”

“नाही ठेवत,” मी म्हणालो.

किती वेळ झाला ते मी बघितलं नाही. समोर दिवे लागले. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. काचेवर कोणी टकटक केली नाही.